नावाची ओळ

मावशीने आधी तांदूळ मागितले.

"तांदूल हाय काय रं इथं? मूठभर बस झालं."

टाइल्सच्या दुकानावरची माझी ती दहा बाय दहाची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, खिडकीत गोणपाट कोंबलं होतं आणि एवढ्या भांडवलावर मी तिला स्टुडिओ म्हणायचो. तिथे माइक होता, लॅपटॉप होता, अर्धा पुडा बिस्किटं होती. तांदूळ कुठून असणार? अकरा वाजून गेले होते. बारापर्यंत मावशीचा आवाज पकडून मला मोकळं व्हायचं होतं, कारण संध्याकाळी त्याच्यावर ढोल चढवायचे होते, उद्या पोस्टर, परवा गाणं साइटवर. मुकाट्याने खाली गेलो आणि समोरच्या वाण्याकडून पाव किलो तांदूळ घेऊन आलो.

याला आता सात वर्षं झाली.

आंबीबाय माझी सख्खी मावशी, आणि आमच्या उरणच्या पट्ट्यातल्या शेवटच्या चार-पाच धवलारणींपैकी एक. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण येते. मांडव, हळद, घाणा, नवरीचं पाटावर बसणं, प्रत्येक गोष्ट ती गाऊन लावून देते, आणि त्या गाण्यांना धवले म्हणतात. मावशीने चारशेच्या वर लग्नं गायली होती. अलीकडे मांडवात डीजे आले आणि तिच्या वाट्याला सकाळची वीस मिनिटं उरली, तीसुद्धा कॅमेरावाला आला असेल तर.

आणि मी कोण? हर्षद मोकल, गायक-गीतकार-संगीतकार, शिवाय पोस्टर चिकटवणारा आणि डीजेंच्या दारोदार पेनड्राइव्ह घेऊन फिरणारा. मागे ना कंपनी, ना मॅनेजर. अकरा महिन्यांत सोळा गाणी काढली होती. दर तीन आठवड्यांनी नवं गाणं पडलं नाही तर लोक विसरतात, आणि लोकांच्या आधी साइटवरचं गाणी पुढे दाखवणारं मशीन विसरतं, असं सगळे सांगायचे. मीही पाट्या टाकत होतो. गाणं काढा, रील करा, ओळखीच्यांना "शेअर करा ना दादा" म्हणून लाचारी करा, तोवर पुढच्याची वेळ झालेली. कंटेनर यार्डातली नोकरी सोडून हे धंदे चालले होते आणि आईने अक्षय तृतीयेपर्यंतची मुदत दिली होती. तेवढ्यात एखादं गाणं चाललं नाही तर परत यार्डात. आठ दिवसांनी पहिला मुहूर्त होता. हळदीच्या मांडवात माझं गाणं वाजायला हवं, एवढंच डोक्यात होतं.

मावशीने फरशीवर तांदळाचा चौक मांडला. कनवटीची हळदीची पुडी सोडली. चौकाच्या मधोमध एक सुपारी ठेवली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"नवरीचे जागी. नवरी नसली त सुपारी ठेवतान." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कोनाचे नावाची हलद लावाची?"

"कुणाचंही घे मावशी. नाव काय, कुठलंही चालेल."

"कोनचा पन कसा चालल? हलद लावाची त नवरी लागते. बिननवरीची हलद लावली त ती कोनाचे अंगाला लागल?"

मी हात टेकले. "बरं, तुला हवं ते नाव घे. तू ठरव."

ती जरा वेळ सुपारीकडे बघत बसली. मग माझ्याकडे न बघता बोलली, "मी एक नाव घेतीन. तू ते कापू नको."

"नाही कापत."

"तुमी कापतान. त्या शिरप्याचे लग्नाचे शीडीत माझा गाना निम्मा कापला."

"ती लग्नाची सीडी होती मावशी, हे गाणं माझं आहे. नाही कापणार."

"माझे गल्याची आन घे."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. बारा वाजत आले होते.

फोन स्टँडवर उभा लावला. गाण्याच्या आधी 'मेकिंग' टाकलं की लोक थांबतात, आणि चौक, हळद, नाकात नथ घातलेली म्हातारी म्हणजे शॉट भारीच होता. इकडे माइक चालू केला. मावशीने बोटाने सुपारीला हळद लावली आणि गायला लागली.

त्या आवाजाबद्दल काय सांगू. मी दिवसभर कॉम्प्युटरवर आवाज सरळ करणारा माणूस, आणि त्या आवाजात सरळ करण्यासारखं काही नव्हतं. थोडा फाटका, थोडा नाकात, पण लांबून शेतावरनं हाक यावी तसा. सयांनो हळद लावा, हात ठेवा हलका, पाटाखाली पाणी शिंपा, हात ठेवा हलका. अशा पाच ओळी आणि मग शेवटची:

"भिंगरी माझी फिरून दमली, बसू द्या गो पाटावर."

तेवढ्यात खालून रेतीचा डंपर गेला. मी कान टवकारून ऐकलं. शेवटच्या ओळीवर घरघर आली होती, फार नाही, पण होती.

"मावशी, शेवटची ओळ परत एकदा घेऊ. गाडी आली मधे."

"आता नाय."

"फक्त शेवटची."

"अरे, हलद लागली. एका नावाला हलद एकदाच लागते. परत लावली त पयलीचा काय झाला?" तिने सुपारी उचलली, पदरात बांधली आणि तांदूळ गोळा करायला लागली.

"भिंगरी म्हणजे कोण?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"हाय एक," ती बोलली.

मी पनवेलला वाढलेला, गावातल्या नवऱ्या मला कुठे माहीत. वायरी गुंडाळल्या. मावशीला रिक्षात बसवून दिलं.

संध्याकाळी उलव्याला केतनकडे गेलो. हा माझा मित्र. ढोल, बेस, पोस्टर, जाहिरात, सगळ्यात त्याचा हात. स्वतः कधी गात नाही, पण काय चालणार ते त्याला आधी कळतं. त्याने तो आवाज दोनदा ऐकला. मग म्हणाला, "हे चालणार. 'हात ठेवा हलका' यावर पोरी रील करणार. लिहून ठेव."

"मग लाव."

"शेवटची ओळ काढ."

"ती नाही काढायची."

"का?"

"मावशीला शब्द दिलाय."

केतनने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "हे बघ. नाव आलं की गाणं एका लग्नाचं होतं. नाव नसलं की सगळ्यांचं. उद्या कुणी प्रियांका स्वतःच्या हळदीला हे लावेल, आणि मधेच भिंगरी? कोण भिंगरी? शिवाय वर डंपरची घरघर आहे. तिथे ड्रॉप टाकतो. सगळं क्षणभर गप्प, आणि मग ढोल अंगावर. मांडव हलेल."

"मावशी काय म्हणेल?"

"मावशी कुठे ऐकते मोबाइलवर?"

आता केतनवर ढकलायला काय जातं? पण माऊस माझ्या हातात होता. त्याचं बोलणं बरोबर आहे हे मलाही कळत होतं, आणि मी इतका थकलो होतो की बरोबर म्हणणाऱ्याशी भांडायची ताकद नव्हती. ओळ निवडली आणि उडवली. बारा सेकंदांची होती.

गाणं बाहेर पडलं की त्याचा कच्चा माल मी लगेच पुसून टाकायचो, ही माझी पद्धतच होती. लॅपटॉपमध्ये जागा नसायची, पुढच्या गाण्याला तीच जागा लागायची. मोबाइलचंही तेच. मेकिंगचा व्हिडिओ घाईघाईत एकाच सलग शॉटमध्ये लावला, त्याचा मूळ आवाज बंद करून वर तयार गाणं टाकलं, खाली पिवळी पट्टी मारली, 'फुल गाणं आउट नाऊ', आणि मूळ व्हिडिओ पुसला. चौथ्या दिवशी मी सतराव्या गाण्यातून मोकळा झालो होतो.

आणि गाणं चाललं.

आता 'चाललं' म्हणजे काय ते मला पहिल्यांदाच कळलं. पेणपासून पार वसईपर्यंत मांडवांत तेच. डीजेवाले स्वतः फोन करायला लागले. आई शेजारणींना माझा नंबर द्यायला लागली. मुदतीचा विषय कुणी काढला नाही. मला मात्र आनंद व्हायला वेळ झाला नाही, कारण केतन रोज विचारायचा, अठरावं कधी?

मे महिन्यात मावशीच्याच गावात एक लग्न होतं. मला 'हात हलका फेम' म्हणून बोलावलं होतं. गेलो तर मांडवात मावशी. धवलारीण म्हणून तिलाही बोलावलं होतं, पण तिला एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. नवरीची आई मला कौतुकाने सांगत होती, "आता मावशीला घसा ताणायला नको. त्यांचाच आवाज स्पीकरवर आहे की."

शेजारच्या खुर्चीवर काका बसले होते, मावशीचे यजमान. माणूस तसा शांत, पण एकदा नाही म्हटलं की नाही. स्पीकरमधून बायकोचा आवाज यायला लागला तसे तेही मांडीवर ताल धरायला लागले.

मावशी ताठ बसून ऐकत होती. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. पाचव्या ओळीला तिने पदर सावरला आणि जरा पुढे झुकली. मग सगळं गप्प झालं, आणि ढोल पडले. पोरं उसळली. मावशी तशीच पुढे झुकून थांबली होती. गाणं पहिल्यापासून परत सुरू झालं तेव्हा ती मागे टेकली.

मी जवळ गेलो. न जाऊन कुठे जाणार होतो?

"एवढाच हाय?" तिने विचारलं.

"हो मावशी. ते थोडं... तिथे गाडीचा आवाज आला होता ना."

"बरा," ती बोलली. काकांकडे एकदा बघितलं आणि उठून नवरीच्या खोलीत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी दोन शिव्या खाऊन मोकळा झालो असतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक बाई स्टुडिओचा जिना चढून वर आली. पस्तिशीची असेल, हातात डब्याची पिशवी, कामावरून परत निघालेली दिसत होती. मी गिऱ्हाईक समजलो. वाढदिवसाची गाणी करून घ्यायलाही लोक यायचे.

"हर्षद ना तू? मी ललिता. आंबीबायची."

तेव्हा ओळखलं. ललिताताई, मावशीची मुलगी. मी नववी-दहावीत असताना ती बंदरावरच्या एका क्रेन ऑपरेटरबरोबर निघून गेली होती. सेल्वम त्याचं नाव, तमिळ माणूस. रजिस्टर लग्न केलं. काकांनी तिचं नाव टाकलं आणि मावशीला शपथ घातली, तिच्या दारात गेलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. ती राहायची कामोठ्याला, मावशीच्या गावाहून रिक्षेने पाऊण तास. चौदा वर्षांत मायलेकी भेटल्या नव्हत्या.

मी खुर्ची दिली. ती टेकली नाही.

"बाजारात आईची एक मैत्रीण बसते मासे विकायला, तिच्या फोनवरून आई कधीतरी फोन करते," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये केला. म्हणाली, तुझी हळद लावली मी. बारक्याच्या, म्हणजे तुझ्या, मशीनवर लावली, आता सगळ्या गावागावांत वाजेल, तुझ्या बापाच्या समोर वाजेल आणि त्याला समजायचं नाही. तू फक्त ऐक."

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"मी ऐकतेय दोन महिने. आमच्या बिल्डिंगमध्ये लग्न झालं, तिथे ऐकलं. बसमध्ये ऐकलं. मोबाइलवर तर किती वेळा ऐकलं असेल. मला वाटलं, माझ्याच कानांना सापडत नाही." तिने पर्स उघडून रुमालाची गाठ सोडली. आत एक सुपारी होती, हळदीने पिवळी झालेली. "ही त्या मैत्रिणीच्या हाती पाठवलीन. म्हणजे हळद लावली हे खरं. नाव कुठंय?"

"कुठलं नाव?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला ती ओळ आठवली.

"भिंगरी. ती एकटीच म्हणते मला. लहानपणी एका जागेवर बसायची नाही मी, अंगणात गोल गोल फिरत सुटायची. बाबांना आवडायचं नाही ते नाव, म्हणून माझ्या कानात म्हणायची."

चारशे नवऱ्यांना जिने हळद लावली तिला स्वतःच्या मुलीची लावता आली नव्हती. ती तिने माझ्या त्या भिकार खोलीत, वाण्याच्या पाव किलो तांदळावर लावली होती, आणि माझ्याकडून शपथ घेतली होती. मी बारा सेकंदांसाठी ती मोडली होती. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"होती ती ओळ," मी बोललो. "शेवटी होती. मी कापली."

तिने मान हलवली. रागावली नाही. असं काहीतरी असणार हे तिने जिना चढतानाच धरलं असावं.

"मग मूळचं दे. तुझ्याकडे असेल ना पूर्ण?"

मी लॅपटॉप उघडला. नाही हे मला माहीत होतं. तरी मी शोधत बसलो, हा फोल्डर, तो फोल्डर, कचऱ्याचा डबा. ती माझ्या मागे उभी राहून बघत होती, आणि मला मागे वळून सांगायची हिंमत होत नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "नाहीये ना?"

"नाही. पुसलं. पण मी मावशीला घेऊन येतो ताई. उद्याच आणतो. परत गायला लावतो."

"ती नाही गाणार. एका नावाला एकदाच." ती हे अगदी मावशीसारखं बोलली. धवलारणीची मुलगी ती, तिला मी काय सांगणार. "मीही सांगणार नाही तिला. परत लावायची म्हणजे पहिली लागलीच नाही असं होतं. ती लागलीय."

ती सुपारी परत रुमालात बांधायला लागली. गाठ बसत नव्हती. तेव्हा मला त्या मेकिंगची आठवण झाली. फोन काढला, खाली सरकत सरकत एप्रिलपर्यंत गेलो आणि तो व्हिडिओ तिच्यासमोर धरला. चौक, सुपारी, मावशी. वरून माझे ढोल.

"यात आहे?" तिने विचारलं.

"आवाज नाही. आवाज माझ्या गाण्याचा आहे. पण शॉट सलग आहे."

तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि जिना चढून आल्यापासून पहिल्यांदाच खाली बसली, खुर्चीवर नाही, फरशीवर, जिथे चौक मांडला होता साधारण तिथेच. "आवाज बंद कर."

मी केला. खोलीत नुसता पंखा. स्क्रीनवर मावशी सुपारीला हळद लावत होती आणि तिचे ओठ हलत होते. माझी ती पिवळी पट्टी तिच्या हनुवटीवर बसली होती. दोन बोटं वर असती तर ओठही गेले असते. हात ठेवा हलका, एवढं मलाही ओठांवरून वाचता आलं. मग मावशीने एक श्वास घेतला.

"इथे," ताई म्हणाली. अंगठ्याने मागे नेलं, परत लावलं. "बघ, इथे ओठ मिटले. 'भिं' म्हणताना मिटतात." परत मागे नेलं. यावेळी मावशीबरोबर तिचेही ओठ हलले, आवाज न करता, अंदाजाने. शेवटी मावशीच्या तोंडून काय निघालं असेल ते तिने मला विचारलं, "बसू द्या गो पाटावर?"

"हो."

"आणि आधी?"

"फिरून दमली."

तिने फोन परत दिला. डोळे पुसले, पिशवी उचलली. "तेवढं पाठव मला," ती म्हणाली. "गाणं काढून पाठव."

मी आवाज काढून टाकला आणि तिच्यासमोरच पाठवलं. तिने जिन्यात थांबून आलं का ते बघितलं, आणि गेली.

पुढे अठरावं गाणं मी केलं नाही. केतन महिनाभर मागे लागला, मग त्याने दुसरा गायक धरला. मी परत यार्डात लागलो, अजून तिथेच आहे. वर्षभरात सतरा गाणी काढली होती, सगळी लोकांच्या गळ्यात मारली होती, शेअर करा, ऐका, लाइक करा. स्वतः जिना चढून येऊन कुणी मागून नेलं ते एवढं एकच, आणि त्याला आवाज नव्हता.